नांदेड-लातूर खाद्यसंशोधन : कार्यपद्धती, शिष्टाचार व खबरदारी

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत खाद्यसंशोधनासाठी येणाऱ्या प्रवाशापुढची पहिली अडचण म्हणजे हॉटेल. हॉटेले मुबलक आहेत, बरीचशी स्वच्छही आहेत. मात्र त्यांच्या मेनूकार्डावर पनीरचे इतके प्रकार असतात की देवणी आणि लाल कंधारी या इथल्या दोन्ही नामांकित गायी थेट पनीरच देत असाव्यात, असा परक्याचा समज व्हावा. कार्डाच्या पहिल्या पानावर सूप, दुसऱ्यावर चायनीज आणि तिसऱ्यापासून पंजाब सुरू होतो. ज्या जिल्ह्यात प्रवासी बसला आहे त्याचा पत्ता शेवटच्या पानावर लागतो. तिथे पिठले, शेवभाजी आणि ठेचा एका चौकटीत दाटीवाटीने बसवलेले असतात, आणि त्यांतले काही मागितलेच तर "भाकरी संध्याकाळी भेटंल" असे उत्तर येते.

यात हॉटेलमालकाचा दोष नाही. या भागातला माणूस हॉटेलात जातो तो घरी मिळत नाही ते खायला; म्हणून घरी मिळते ते हॉटेलात ठेवण्याचे कारण उरत नाही. धपाटे, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगोळे, जवसाची चटणी यांतला प्रत्येक पदार्थ रोज हजारो चुलींवर होतो, आणि विकत घ्यायला गेले तर सहसा सापडत नाही. प्रस्तुत मार्गदर्शनाचा विषय त्यामुळे 'कुठे खावे' हा नसून 'कोणाकडून बोलावणे मिळवावे' हा आहे.

पूर्वतयारी म्हणून थोडा इतिहास पाठ करावा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. पुढे ते उस्मानाबादेत (आजच्या धाराशिवात) आले, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. संस्थान विलीन झाले, सरहद्दी बदलल्या, राज्ये नव्याने आखली गेली. परंतु बगारा भात आणि दालचा यांनी विलीनीकरणाच्या कागदावर सही केल्याचे आढळत नाही. देगलूर-धर्माबादच्या पलीकडे तेलंगण, उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कर्नाटक. अशा ठिकाणी 'अस्सल मराठी पदार्थ कोणता' असा प्रश्न हाती घेऊन फिरणारा संशोधक संध्याकाळपर्यंत उपाशी राहतो.

प्रत्यक्ष कार्याला नांदेडपासून सुरुवात करावी. शहरातल्या उल्लेखनीय भोजनस्थानांची यादी करायची झाल्यास तिच्या शिरोभागी असे ठिकाण येते, जिथे बिल नाही, मेनू नाही आणि टेबल राखून ठेवण्याची सोयही नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. त्या जागी महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात तख्त सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू बांधवली, आणि तिथल्या लंगरात येईल त्याला जेवण मिळते. पद्धत सोपी आहे. जोडे काढावेत, डोके झाकावे, पंगतीत जमिनीवर बसावे आणि रोटी दोन्ही हात पसरून घ्यावी. दोन्ही हात गुंतल्यामुळे त्या क्षणी मोबाइल खाली ठेवणे भाग पडते. खाद्यछायाचित्रणाच्या व्यवसायातली ही बहुधा एकमेव सक्तीची विश्रांती. चव, सेवा आणि किंमत या तीन निकषांवर तारांकने देणाऱ्यांची इथे विशेष कुचंबणा होते, कारण तिसऱ्या रकान्यात काय लिहावे ते त्यांना सुचत नाही. ताटात घेतलेले संपवावे, उठावे, पुढच्या पंगतीला जागा द्यावी. शेजारी कोण बसले आहे, तो कुठून आला, त्याची ऐपत काय, यावर वाढप ठरत नाही, आणि 'खास पाहुण्यांसाठी' म्हणून काही वेगळे झाकून ठेवलेले नसते. समीक्षकाने ओळखपत्र दाखवून काहीही साधत नाही.

अमृतसरहून येणारा प्रवासी या बाबतीत आधीच शिकून आलेला असतो. सचखंड एक्स्प्रेसच्या वाटेवर काही स्थानकांवर लंगर थेट डब्याच्या दारापर्यंत येतो, आणि जाणती मंडळी घरूनच ताट-वाटी घेऊन निघतात. ज्याच्यापाशी ताट नाही तो चटकन ओळखू येतो. त्याच्या हातात प्रवासवर्णनाचे पुस्तक असते.

सकाळच्या न्याहारीसाठी सुशीला शोधावा. चुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळून काढायचे. तेलात मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि कांदा परतून हळद घालायची. मग चुरमुरे टाकून एक वाफ द्यायची. कुणी वरून फुटाण्याच्या डाळव्याचे कूट भुरभुरवतात. चुरमुरे भिजण्याचा आणि लगदा होण्याचा काळ यांत फार अंतर नसते, म्हणून हा पदार्थ करणाऱ्याशी त्या वेळी बोलू नये. सीमेपलीकडे कर्नाटकात यालाच सुसला म्हणतात आणि रायलसीमेत उग्गाणी. मूळ कोणाचे, हा वाद न्याहारी संपल्यावर काढावा. आणखी एक खबरदारी : अनोळखी घराच्या दारात उभे राहून "सुशीला आहे का?" असे विचारू नये. पूर्ण वाक्य वापरावे.

लातूरकडे सरकल्यावर न्याहारीच्या वेळी गाड्यांवर निलंगा राइस दिसू लागतो. हा मसालेदार, पिवळसर परतलेला भात निलंग्याचे नाव घेऊन लातुरात स्थिरावला आणि तिथून शिकायला गेलेल्या पोरांमागोमाग पुण्यापर्यंत पोचला. सकाळी आठ वाजता भात खावा की नाही, यावर आहारतज्ज्ञांची मते ऐकायची असतील तर ती आदल्या रात्री ऐकावीत.

मांसाहारी संशोधकाने नांदेडात देगलूर नाक्याकडे वळावे. बिर्याणी तर आहेच. पण विचारपूस करायची ती बगारा आणि दालचाची. दालचा म्हणजे हरभऱ्याच्या डाळीत मटण किंवा दुधी आणि वर चिंचेचा कोळ. लग्नाच्या दावतीत तो मोठ्या डेगेत होतो आणि तिथला दालचा हॉटेलात कधीच जमत नाही, असे हॉटेलवालेच सांगतात. रमजानमध्ये संध्याकाळनंतर हलीम मिळते. गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटून एकजीव केलेला हा पदार्थ घाईत खाणाऱ्यासाठी नाही आणि घाईत करणाऱ्यासाठी तर नाहीच. "अगदी हैदराबादसारखी आहे" हे वाक्य मात्र टाळावे. स्तुती म्हणून ते नांदेडकराला अपुरे वाटते, आणि शेजारी कोणी हैदराबादी बसला असेल तर त्याला जास्त वाटते.

आता डाळ. लातूर हे तुरीचे आणि डाळ गिरण्यांचे शहर आहे; इथल्या बाजार समितीत तुरीचा भाव काय निघाला याकडे दूरदूरचे व्यापारी कान लावून असतात. २०२४ साली जिल्ह्यातल्या तीन वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले : बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. मानांकन देणाऱ्यांच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे, पण या तिन्ही वस्तू एकत्र केल्या की आंबट वरण होते. बोरसुरी आणि पानचिंचोली दोन्ही निलंगा तालुक्यातली गावे. म्हणजे डाळ आणि चिंच यांची सोयरीक तालुक्यातच जमलेली. त्यात शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली मानांकित वसमत हळद चिमूटभर घातली, तर एका वाटीत चार सरकारी प्रमाणपत्रे येतात. मिरची धर्माबादच्या बाजारातली घ्यावी. तिला प्रमाणपत्राची गरज कधी भासलेली नाही, ती स्वतःची ओळख स्वतः करून देते.

कृती अशी. डाळ मऊ शिजवून घोटावी. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, हळद, मीठ घालून उकळी आणावी. करडईच्या तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची तडतडवून वर ओतावी, कोथिंबीर शेवटी. करडईचे तेल हल्ली सोयाबीनने मागे रेटले आहे, पण लाकडी घाण्याचे मिळाल्यास सोडू नये. या वरणात ज्वारीची भाकरी कुस्करून खावी. हॉटेलात हेच वरण 'दाल तडका' या नावाने येते. तूर तीच, गिरणीही तीच. फक्त मधल्या काळात ती पंजाबात जाऊन आलेली असते आणि येताना चिंच तिथेच विसरलेली असते.

लातुरातली सर्वांत कडक परीक्षा घेतली जाणारी भोजनसंस्था म्हणजे मेस. 'लातूर पॅटर्न'ने परीक्षांच्या निकालात नाव काढले आणि वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी गावोगावची पोरे इथे येऊन राहू लागली. त्यांच्यामागून खोल्या आल्या, डबे आले आणि घरगुती मेस आल्या. पोळी, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी, वरण, भात. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री चूल बंद. इथले जेवण कोणत्याही मार्गदर्शिकेत नोंदलेले नसते, तरी त्याचे परीक्षण रोज होते. रात्री साडेनऊला फोनवर गावाकडची आई विचारते, "भाजी काय होती?" आणि उत्तराआधी जो क्षणभर थांबा येतो त्यावरून तिला सगळे कळते. पोटभर भाकरी देणारी मेस हे खोली निवडण्याचे मोठे कारण असते. शिकवणीचा वर्ग त्यानंतर पाहिला जातो. प्रवाशाला 'गेस्ट' म्हणून एका वेळचे ताट सहसा मिळते. परंतु रांगेत पुढे घुसू नये. पाठीमागे उभ्या असलेल्याची सकाळी सहाला जीवशास्त्राची चाचणी असते.

यापुढचा टप्पा शेताचा, आणि तो पंचांग पाहूनच गाठावा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ज्वारीची कणसे दुधात असतात. तेव्हाचा हुरडा हा या भागातला सर्वांत नाजूक पदार्थ. शेतात खड्डा घेऊन गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे निखाऱ्यात भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, दही, गूळ, बोरे. गूळभेंडी, सुरती अशा हुरड्याच्या खास ज्वाऱ्या आहेत, आणि कोणती गोड यावर दोन बांधकरी सख्ख्या भावांत दिवसभर बोलणे बंद राहू शकते. कणीस आज कोवळे असेल तर चार-आठ दिवसांत निब्बर होते, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात सवडीने येतो' हे वाक्य हुरड्याला चालत नाही. प्रवेशशुल्क, ध्वनिवर्धक आणि झोपाळा असलेल्या हुरडा पार्ट्याही आता निघाल्या आहेत. तिथे हुरडा गरम मिळतो, पण चोळणारा पगारी असतो. संशोधनाच्या दृष्टीने ते दुय्यम साधन मानावे.

खरी परीक्षा वेळ अमावस्येची. तोंडी भाषेत येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूरकडच्या भागांत, तसेच नांदेडच्या दक्षिण पट्ट्यात शेतातल्या पिकाची पूजा होते. इंग्रजी तारखेशी तिचे नाते सैल आहे. २०२४ साली ती ११ जानेवारीला आली आणि पुन्हा ३० डिसेंबरलाही आली. २०२५ साली १९ डिसेंबरला. रजेचे अर्ज भरताना हे ध्यानात ठेवावे. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर होते, बाजार ओस पडतो, आणि शहराच्या मध्यावरच्या गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यांतल्या एकाही रस्त्यावर खायला काही सापडत नाही. त्या दिवशी हॉटेल शोधणारा प्रवासी म्हणजे दिवाळीत अभ्यासिकेचे कुलूप वाजवणारा विद्यार्थी.

सगळे गाव शेतात असते. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा होते आणि आंबील शेतभर शिंपडतात. मग जेवण. त्यातला मुख्य पदार्थ भज्जी. या नावावरून कढई आणि तळण डोळ्यांपुढे आणणाऱ्याने आधी शेतात एक चक्कर मारून यावी. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगे, बोरे असे त्या आठवड्यात रानात जे हाती लागेल ते सगळे एका मोठ्या पातेल्यात शिजवून त्याला डाळीचे पीठ लावायचे, चिंचेने आंबट करायचे आणि लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची. दोन घरांची भज्जी सारखी नसते; एकाच घरची दोन वर्षांची भज्जीही सारखी नसते, कारण पावसाने त्या वर्षी कोणते पीक ठेवले यावर ती ठरते. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ शिजवून ताकात मिसळून आंबवलेले पेय. जिरे आणि लसूण वाटून लावलेले. ती थंड लागते, पोटात उतरल्यावर डोळ्यांवर येते, आणि दुपारी खोपीच्या सावलीत झोपलेली माणसे पाहून प्रवाशाने काळजी करू नये.

बोलावणे मिळवण्याची पद्धत : लातूरहून कोणत्याही दिशेने बाहेर पडावे आणि सावकाश चालावे. "कुठं चाललालाव? या की जेवाय!" अशी हाक पहिल्या दोन-तीन शेतांतच येते. दुसऱ्या शेतातही जेवायचे आहे हे मनात धरून पहिल्या शेतात अर्धेच खाण्याचा बेत अनेकांनी केला आहे. तो यशस्वी झाल्याचे उदाहरण नाही. याच सुमारास लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तिथे घोडे, उंट आणि गाढवांच्या बाजाराबरोबर तात्पुरती हॉटेले लागतात, आणि उघड्या कढईतले गरम भजे व भंडारा उधळून दिसेनासे झालेले जेवण यांतून निवड ज्याची त्याने करावी.

घरी बोलावणे आल्यास आधी पाणी येते, बहुधा गुळाच्या खड्यासह. ते तहान नसली तरी घ्यावे. ऐन दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून निघालेली रेल्वेगाडी लातुरात पोचली, तेव्हा तिच्या दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या शहराने नळाची वाट महिनोन्‌महिने पाहिली, तिथे पुढे केलेला पेला अर्धा टाकणे हा गुन्हा नसला तरी घरातले सगळे तिकडे बघतात. नंतर ताट येते. "अर्धी भाकरी" म्हणून वाढली जाते ती पूर्ण असते. "नुसती चव बघा" याचा अर्थ दोन डाव. हात ताटावर आडवा धरल्याने वाढणारी थांबत नाही, बोटांच्या फटीतून वाढते. मामी, काकू, अक्का अशी नाती हाक मारण्यासाठी मुक्तपणे वापरावीत. "मॅडम" म्हटल्यास पोळीवरचे तूप कमी होते.

पारंपरिक कृती लिहून घेण्याची वेळ जेवणानंतर येते. वही काढावी, पण मापांची अपेक्षा ठेवू नये. येसराचे उदाहरण घ्यावे. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि मसाला खमंग भाजून दळलेले हे पीठ लग्नघरात आधीच करून ठेवतात. पाण्यात कालवून फोडणीत ओतले की पंगतीला पुरेल एवढी दाट आमटी. "डाळ किती?" या प्रश्नाला "लागंल तेवढी"; "किती भाजायची?" याला "वास सुटस्तोवर", "मसाला?" याला "घरचाच". चौथ्या प्रश्नाला सासूबाई आणि सूनबाई वेगवेगळी उत्तरे देतात. येथे संशोधकाने वही मिटून तटस्थता जाहीर करावी. कृती पूर्ण मिळाली असे वाटले, तरी एक जिन्नस वगळला गेला आहे हे गृहीत धरावे. तो पुढच्या भेटीत कळतो, म्हणूनच तो वगळलेला असतो.

वहीत 'मराठवाड्याचे पारंपरिक पदार्थ' असे शीर्षक लिहिण्यापूर्वी एक पुस्तक वाचावे लागते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली निघाले. त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होते, कशाने शिजत होते आणि काय नसल्यामुळे तसे शिजत होते, याची ती नोंद आहे. त्यात रक्ती आहे, वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, आणि तेलतुपाचा उल्लेख शोधावा लागतो. पर्यटन पुस्तिकांच्या याद्यांत ही पाने नाहीत. अशी यादी घेऊन फिरणाऱ्याला गावाच्या एकाच बाजूची चूल दाखवली गेली, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. आणि गावातल्या कोणालाही ते सांगायची घाई नसते. हा भाग विनोदाने उरकता येत नाही, म्हणून इथे फक्त पुस्तकाचे नाव दिले आहे.

उरला विडा. तो नांदेड जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, माहूरच्या रेणुकादेवीच्या गडावर मिळतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या या पीठाचा प्रसाद म्हणजे तांबूल : विड्याची पाने काथ-बडीशेपेसह कुटून केलेला गोळा, लहान पुड्यांत बांधलेला. दात नसलेल्या आजोबांनाही तो चालतो, म्हणून घरी नेण्यासाठी पुड्या मोजून घ्याव्यात आणि मोजणीत शेजाऱ्यांना धरावे. पिशवीत तो कपड्यांपासून दूर ठेवावा. हा डाग धुतल्याने जात नाही.